इ.स. १६६ : रोम आणि लोयांग यांच्या इतिहासातील एका वर्षाचा अभ्यास

प्रास्ताविक

प्राचीन रोम आणि प्राचीन चीन हे विषय पदवी स्तरावर शिकविताना सामान्यतः दोन स्वतंत्र घटक म्हणून हाताळले जातात. रोमचा घटक संपतो, परीक्षेचे प्रश्न होतात आणि त्यानंतर हान घराण्याचा घटक सुरू होतो. ही दोन साम्राज्ये एकाच काळात नांदत होती, हे विद्यार्थ्यांना ठाऊक असते. परंतु त्या समकालीनतेचा नेमका अर्थ काय, या प्रश्नाकडे आपण अध्यापकही सहसा वळत नाही. प्रस्तुत निबंधात इ.स. १६६ हे एकच वर्ष निवडून त्या वर्षी दोन्ही राजधान्यांत काय घडत होते, याचा विचार करण्याचा प्रयत्न केला आहे.

हेच वर्ष निवडण्यास एक कारण आहे. 'होउ हान शू' अर्थात 'उत्तर हान घराण्याचा इतिहास' या चिनी ग्रंथात यान्शी कालगणनेच्या ९ व्या वर्षी, म्हणजे इ.स. १६६ मध्ये, 'ता-छिन'च्या आनतुन नावाच्या राजाचे दूत चिनी दरबारात आल्याची नोंद आहे. ता-छिन म्हणजे रोमन साम्राज्य आणि त्यातही प्रामुख्याने त्याचा पूर्वेकडील प्रदेश, याविषयी फ्रीडरिश हिर्ट यांनी १८८५ मध्ये केलेल्या विवेचनापासून बहुतेक अभ्यासकांत एकमत आहे. या एका नोंदीच्या आधारे 'रोम आणि चीन यांच्या राजनैतिक संबंधांचा प्रारंभ इ.स. १६६ मध्ये झाला' असे विधान अनेक सामान्य ग्रंथांतून केले जाते. मीही काही वर्षे वर्गात तेच सांगत होतो. मूळ नोंदीचा अनुवाद लक्षपूर्वक वाचल्यावर मात्र हे विधान इतक्या निःशंकपणे करता येत नाही, असे जाणवले.

नोंद आणि नोंदकार

'होउ हान शू'चा कर्ता फान ये हा इ.स. ५ व्या शतकातील इतिहासकार होय. राजद्रोहाच्या आरोपावरून त्यास मृत्युदंड झाला. म्हणजेच तो ज्या घटनेविषयी लिहितो ती त्याच्यापूर्वी सुमारे पावणेतीनशे वर्षे घडून गेली होती. पश्चिमेकडील प्रदेशांविषयीच्या आपल्या प्रकरणाचा मुख्य आधार पान युंग या सेनानीने इ.स. १२५ च्या सुमारास दिलेला वृत्तांत असल्याचे तो स्वतःच सांगतो. साहजिकच इ.स. १६६ ची नोंद पान युंगची असू शकत नाही. ती नंतरच्या दरबारी दप्तरातून त्या वृत्तांतास जोडली गेली असली पाहिजे.

नोंदीचा आशय थोडक्यात असा. ता-छिनच्या राजास हान दरबाराशी संपर्क साधण्याची इच्छा फार पूर्वीपासून होती. परंतु आन-शी, म्हणजे पार्थियाच्या लोकांना चिनी रेशमाचा व्यापार आपल्याच हाती ठेवावयाचा असल्याने ते आड येत. अखेरीस यान्शीच्या ९ व्या वर्षी राजा आनतुन याने रिनानच्या सीमेपलीकडून दूत पाठविले. त्यांनी हस्तिदंत, गेंड्याचे शिंग आणि कासवाचे कवच या वस्तू अर्पण केल्या. त्यानंतर फान ये जी टिपणी करतो ती महत्त्वाची आहे. या भेटींत मौल्यवान किंवा अपूर्व असे काहीच नव्हते आणि त्यामुळे ता-छिनविषयी पूर्वी लिहिले गेलेले वृत्तांतच चुकीचे असावेत की काय, अशी शंका तो नोंदवितो.

रिनान म्हणजे आजच्या व्हिएतनामचा मध्य भाग, हान साम्राज्याची दक्षिणेकडील शेवटची कडा. भूमध्य सागराच्या प्रदेशातून खास राजदूत निघाले असते तर त्यांच्यासोबत काच, पोवळे, जांभळी वस्त्रे, सोन्याची भांडी असे काहीतरी आले असते, अशी अपेक्षा आहे. आणि ता-छिनच्या संपत्तीची जी वर्णने चिनी ग्रंथांत आहेत, ती पाहता दरबाराचीही तीच अपेक्षा असणार. प्रत्यक्षात अर्पण झालेल्या तिन्ही वस्तू तांबड्या समुद्रापासून रिनानपर्यंतच्या कोणत्याही मोठ्या बंदरात मिळण्यासारख्या होत्या. यावरून हे 'दूत' मुळात व्यापारी होते, बाजारात मिळेल ते विकत घेऊन ते दरबारी नजराणा म्हणून पुढे आले आणि व्यापाराची मुभा मिळविण्यासाठी त्यांनी आपल्या राजाचे नाव सांगितले, असा तर्क अनेक विद्वानांनी केला आहे. मला तो ग्राह्य वाटतो. चिनी दरबारी परिभाषेत परकीयाने आणलेली प्रत्येक वस्तू 'नजराणा' आणि ती आणणारा प्रत्येक जण 'दूत' ठरत असे. त्यामुळे शब्दावरून व्यक्तीचा दर्जा ठरविणे धोक्याचे आहे. रोमन बाजूच्या एकाही उपलब्ध साधनात अशा शिष्टमंडळाचा उल्लेख आढळत नाही, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

आनतुन या नावाचीही एक अडचण आहे. ते 'अँटोनिनस'चे चिनी रूप होय, यात शंका नाही. परंतु सम्राट अँटोनिनस पायस ७ मार्च १६१ रोजी मरण पावला आणि त्याचा वारस मार्कस ऑरेलियस यानेही अँटोनिनस हे नाव धारण केले. मोसमी वाऱ्यांवर अवलंबून असलेल्या त्या प्रवासास दोन किंवा अधिक वर्षे लागत असली पाहिजेत. हे व्यापारी वर्षानुवर्षे पूर्वेकडील बंदरांतच वावरणारे असतील, तर त्यांच्या मनातील 'राजा' कदाचित पाच वर्षांपूर्वी निधन पावलेला अँटोनिनसही असू शकेल. ऑक-एओ या मेकाँगच्या मुखप्रदेशातील स्थळी लुई मालरे यांनी १९४४ मध्ये केलेल्या उत्खननात अँटोनिनस पायस याचे इ.स. १५२ चे सुवर्णपदक आणि मार्कस ऑरेलियसचे एक सुवर्णपदक अशी दोन्ही मिळाली. त्या मार्गावर दोन्ही नावे फिरत होती, एवढे तरी त्यावरून दिसते.

रोममधील इ.स. १६६

रोममध्ये त्या वर्षी विजयोत्सव होता. इ.स. १६१ मध्ये पार्थियाच्या चौथ्या व्होलोगेसिसने आर्मेनियात सैन्य घुसविल्यापासून सुरू असलेले युद्ध संपले होते. सहसम्राट ल्युसियस व्हेरस पूर्वेकडे गेला. प्रत्यक्ष लढाया त्याच्या सेनापतींनी जिंकल्या. इ.स. १६५ मध्ये ॲव्हिडियस कॅशियसच्या सैन्याने सेल्युशिया व टेसिफॉन ही नगरे घेतली. इ.स. १६६ च्या ऑक्टोबरमध्ये रोमच्या रस्त्यांतून जी विजययात्रा निघाली, तशी यात्रा त्या नगराने सुमारे अर्धशतकात पाहिली नव्हती.

याच प्रसंगी, १२ ऑक्टोबर रोजी, मार्कस ऑरेलियसचे दोन लहान पुत्र कॉमोडस आणि अ‍ॅनियस व्हेरस यांना 'सीझर' ही पदवी देण्यात आली. कॉमोडस नुकताच पाच वर्षांचा झाला होता. नर्व्हापासूनचे सम्राट आपला वारस दत्तक घेत आले होते आणि त्यामुळे योग्य व्यक्ती निवडली गेली, असे आपण शिकवितो. त्यात तथ्य आहे. मात्र मार्कसपूर्वीच्या त्या चौघांपैकी कोणासही हयात पुत्र नव्हता, ही गोष्ट आपण सांगावयास विसरतो. पुत्र असलेला पहिला सम्राट येताच त्या प्रथेचे काय झाले, याचे उत्तर १२ ऑक्टोबर १६६ ही तारीख देते.

विजययात्रेत सामील झालेल्या सैन्यासोबत रोगाची साथही आली, असे प्राचीन लेखक सांगतात. सेल्युशियाच्या लुटीत सैनिकांनी अपोलोच्या मंदिराची विटंबना केली आणि तेथूनच रोग बाहेर पडला, अशी आख्यायिका पुढे प्रचलित झाली. इ.स. १६५ मध्ये साथ स्मर्ना येथे होती, इ.स. १६६ मध्ये ती रोममध्ये होती. सुप्रसिद्ध वैद्य गेलन याच वर्षी रोम सोडून आपल्या पर्गमम या गावी निघून गेला. त्याने केलेल्या लक्षणांच्या वर्णनावरून हा रोग देवी असावा, असे दीर्घकाळ मानले गेले. परंतु देवीच्या विषाणूचे आजवर प्राचीन अवशेषांतून मिळालेले सर्वांत जुने जनुकीय पुरावे इ.स. ६ व्या-७ व्या शतकांतील उत्तर युरोपचे आहेत, आणि तो विषाणू अर्वाचीन देवीहून भिन्न प्रकारचा आहे. त्यामुळे हे निदान आज पूर्वीइतके निश्चित मानता येत नाही. मृतांच्या संख्येविषयी तर अभ्यासकांत टोकाचे मतभेद आहेत. साम्राज्याच्या लोकसंख्येच्या शंभरातील दोघांपासून एक तृतीयांशापर्यंत सर्व अंदाज छापील स्वरूपात उपलब्ध आहेत.

आकडे सापडतात ते लहान ठिकाणी. डेशिया प्रांतातील अल्बर्नस मेजर या सोन्याच्या खाणींच्या वस्तीत मेणाच्या पाट्यांवरील कागदपत्रे मिळाली आहेत. त्यांपैकी फेब्रुवारी १६७ मधील एका पाटीवर तेथील एका अंत्यविधी मंडळाने आपले कामकाज बंद केल्याची सूचना आहे. मंडळाच्या ५४ सभासदांपैकी वस्तीत १७ जणच उरले होते आणि निधीत अंत्यविधीपुरतेही पैसे नव्हते. बाकीचे रोगाने गेले, युद्धाच्या भीतीने पळाले की आणखी काही झाले, हे पाटी सांगत नाही. याच सुमारास, म्हणजे १६६ च्या अखेरीस किंवा १६७ च्या आरंभी, लँगोबार्डी व ओबी टोळ्यांचे सुमारे ६,००० लोक डॅन्यूब ओलांडून साम्राज्यात शिरले. त्यांना परतवून लावण्यात आले. परंतु त्यापुढील जवळजवळ सर्व वर्षे मार्कस ऑरेलियसला या सीमेवरच घालवावी लागली.

लोयांगमधील यान्शी ९

लोयांगमध्ये सम्राट हुआन राज्य करीत होता. इ.स. १४६ मध्ये तो किशोरवयात गादीवर आला, तेव्हा खरी सत्ता लियांग ची या सम्राज्ञीच्या कुळातील सेनानीकडे होती. इ.स. १५९ मध्ये हुआनने पाच षंढांच्या साहाय्याने लियांग कुळाचा नाश केला. लियांग चीच्या जप्त मालमत्तेची किंमत तीन अब्ज नाण्यांहून अधिक भरली आणि त्या वर्षी प्रजेचा निम्मा कर माफ करता आला, असे इतिवृत्त सांगते. परंतु ज्यांच्या मदतीने ही सुटका झाली, तेच षंढ आता सत्ताधीश झाले. सरहद्दीवरील छियांग लोकांशी चाललेल्या युद्धांनी तिजोरी रिती केली होती. इ.स. १६१ मध्ये अधिकाऱ्यांचे वेतन कमी करून काही पदव्या व पदे विकण्यापर्यंत मजल गेली.

यान्शीच्या ९ व्या वर्षाची वसंत ऋतूतील नोंद दुष्काळाची आहे. राजधानीचा प्रदेश व शेजारचा यू प्रांत येथे दहांपैकी चार-पाच माणसे उपासमारीने मेली आणि काही कुटुंबे समूळ नष्ट झाली, असे ती म्हणते. हे प्रमाण शब्दशः घेण्याचे कारण नाही. परंतु संकटाची तीव्रता त्यातून कळते. उत्तरेकडे थानशीहुआय या शियानपेई नेत्याच्या टोळ्या सीमा ओलांडीत होत्या. दरबाराने त्यास 'राजा' ही पदवी व विवाहसंबंध देऊ केला. त्याने दोन्ही नाकारले.

या पार्श्वभूमीवर वर्षाच्या अखेरीस जे घडले, ते आपल्या व्यवसायातील वाचकांना विशेष जवळचे वाटावे. लोयांग येथील राजविद्यापीठात त्या काळी ३०,००० हून अधिक विद्यार्थी होते. षंढांच्या नातलगांनी केलेल्या गैरकारभाराविरुद्ध हे विद्यार्थी आणि काही निःस्पृह अधिकारी एकत्र येऊ लागले होते. राजधानी प्रदेशाचा प्रमुख निरीक्षक ली यिंग हा त्यांचा आदर्श होता. चांग छंग नावाच्या ज्योतिषाने लवकरच सार्वत्रिक क्षमादान होणार, असे भाकीत केले आणि त्या भरवशावर आपल्या मुलाकरवी एका माणसाचा खून करविला. क्षमादान खरोखरच झाले. ली यिंगने ते न जुमानता आरोपीस मृत्युदंड दिला. कायद्याच्या दृष्टीने हे कृत्य समर्थनीय नव्हते, हे मान्य केले पाहिजे. चिनी परंपरेत ली यिंगची प्रतिमा इतकी उजळ आहे की ही बाब सहसा बाजूस पडते. चांग छंगच्या एका शिष्याने ली यिंग व त्याचे सहकारी विद्यार्थ्यांशी संधान बांधून 'गट' करीत असल्याची तक्रार सम्राटाकडे केली. दोनशेहून अधिक जणांना अटक झाली.

पुढच्या वर्षी सम्राज्ञीचा पिता तोउ वू याने रदबदली केल्यावर त्यांची सुटका झाली. सुटकेमागे आणखीही एक कारण होते. चौकशीत कैद्यांच्या तोंडून षंढांच्याच आप्तेष्टांची नावे बाहेर येऊ लागली होती. मात्र सुटलेल्यांना आमरण कोणतेही सरकारी पद मिळू नये, असे ठरले आणि त्यांची नावे दप्तरात नोंदवून ठेवण्यात आली. हुआनच्या मृत्यूनंतर इ.स. १६९ मध्ये दुसरा आघात झाला, तेव्हा ली यिंगचा तुरुंगात अंत झाला.

त्याच वर्षी शियांग खाय नावाचा एक विद्वान पूर्वेकडून लोयांगला आला आणि त्याने सम्राटास विनंतीपत्र सादर केले. ग्रहांची विपरीत गती, अवेळी पडलेली थंडी, कारागृहांतील अन्याय यांचा परस्परसंबंध जोडून त्याने सम्राटास दोषी ठरविले. राजवाड्यात लाओ-त्झ आणि बुद्ध यांच्या पूजेची व्यवस्था केली आहे. पण हे दोघेही निरिच्छतेचा उपदेश करतात आणि सम्राट मात्र त्याच्या विपरीत वागतो, असे त्याने सुनावले. चिनी राजदरबारात बुद्धपूजा होत असल्याचा हा फार महत्त्वाचा समकालीन पुरावा आहे. पत्र सादर करणाऱ्यास कारावास भोगावा लागला.

परस्परांविषयीच्या कल्पना

संपर्काचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवून एकमेकांविषयी काय समजूत होती, हे पाहणे अधिक फलदायी आहे. 'होउ हान शू'तील वर्णनानुसार ता-छिनमध्ये राजा कायमचा नसतो. योग्य व्यक्ती निवडून तिला राजा केले जाते. राजा बाहेर पडतो तेव्हा एक सेवक पिशवी घेऊन मागून चालतो आणि प्रजाजन आपले अर्ज तीत टाकतात. देशावर अरिष्ट आले, अवेळी वादळ वा पाऊस झाला, तर राजास दूर करून दुसरा नेमतात आणि पदच्युत राजाही ते रागावून न जाता स्वीकारतो. हे रोमचे वर्णन नव्हे. अरिष्टास राज्यकर्ता जबाबदार असतो, हा विचार शियांग खायचा आहे, चिनी विद्वानांचा आहे. आपल्या सम्राटास जे उघडपणे सांगता येत नव्हते, ते त्यांनी दूरच्या एका देशाच्या नावे लिहिले. ज्या वर्षी लोयांगमध्ये असे बोलणारे तुरुंगात गेले, त्याच वर्षी त्या कल्पित ता-छिनच्या खऱ्या राजाने पाच वर्षांच्या मुलास सीझर केले.

रोमन बाजूचे ज्ञानही असेच अर्धेमुर्धे होते. थोरल्या प्लिनीने इ.स. ७७ च्या सुमारास रेशीम हे झाडांच्या पानांवरून खरवडून काढलेले तंतू मानले. मार्कस ऑरेलियसच्या काळात लिहिणारा प्रवासवर्णनकार पॉसॅनियस यास मात्र रेशीम एका किड्यापासून मिळते, हे कळले होते. त्या किड्यास कोळ्याप्रमाणे आठ पाय असतात, त्याला चार वर्षे बाजरीसारखे धान्य व पाचव्या वर्षी हिरवा बोरू खाऊ घालतात आणि तो अति खाण्याने फुटून मरतो, असे तो लिहितो. तपशील चुकीचा आहे, पण झाडापासून किड्यापर्यंतचा हा प्रवास कोणीतरी पूर्वेकडून आणलेल्या माहितीशिवाय शक्य नव्हता.

समुद्रमार्ग आणि भारत

अमेरिकन इतिहासकार फ्रेडरिक टेगार्ट यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात इ.स.पू. ५८ ते इ.स. १०७ या काळातील रोमन सीमेवरील टोळ्यांची आक्रमणे आणि मध्य आशियातील युद्धे यांचा मेळ घातला होता. त्यांची पद्धत इ.स. १६६ ला लावण्याचा मोह होतो. डॅन्यूबवर लँगोबार्डी आणि चीनच्या उत्तर सीमेवर शियानपेई. रोममध्ये साथ आणि हान इतिवृत्तात इ.स. १५१, १६१, १७१, १७३ अशा साथींच्या नोंदी. परंतु शियानपेईंच्या चढाया आणि डॅन्यूबवरील हालचाली यांना जोडणारा एकही दुवा उपलब्ध नाही, आणि चिनी साथींची लक्षणे नोंदीत दिलेली नसल्याने त्या रोमन साथीशी जोडता येत नाहीत. शिवाय यान्शीचे ९ वे वर्ष साधारणतः फेब्रुवारी १६६ ते फेब्रुवारी १६७ असे चालले, म्हणजे आपण जुळवीत असलेली 'वर्षे' तंतोतंत एकही नाहीत.

जो दुवा खरोखर दाखविता येतो, तो समुद्राचा आहे आणि त्यात भारत मध्यभागी येतो. 'होउ हान शू'तच थिएन-चू, म्हणजे भारत, याविषयी असे म्हटले आहे की, पूर्वी तेथील दूत मध्य आशियातून येत. पश्चिम प्रदेशांनी बंड केल्यावर ते थांबले आणि पुढे हुआनच्या कारकिर्दीत यान्शीच्या २ ऱ्या व ४ थ्या वर्षी, म्हणजे इ.स. १५९ व १६१ मध्ये, ते रिनानच्या मार्गाने आले. ता-छिनचे लोक पाच वर्षांनंतर आले ते याच वाटेने. ता-छिनचे व्यापारी आन-शी व थिएन-चू यांच्याशी समुद्रावर व्यापार करून दहापट नफा मिळवितात, असेही तेथे नमूद आहे. लाल समुद्रातून निघालेले जहाज मोसमी वाऱ्याने भडोच, सोपारा, कल्याण किंवा दक्षिणेतील मुझिरिस येथे येई. तेथून पुढील प्रवास बहुधा भारतीय व आग्नेय आशियाई खलाशांच्या जहाजांतून होत असावा. कार्ले येथील चैत्याच्या स्तंभांवर धेनुकाकट येथील यवनांच्या दानांचे लेख कोरलेले आहेत. ते सर्व रोमन प्रजाजन होते, असे म्हणता येणार नाही. परंतु पश्चिमेकडून आलेले व इकडेच रुळलेले लोक आपल्या किनाऱ्यामागील घाटमाथ्यावर स्वतःच्या नावाने दान देत होते, हे निश्चित. लोयांगला पोहोचलेले 'दूत' अशाच लोकांपैकी असण्याची शक्यता, सम्राटाच्या दरबारातून थेट निघालेल्या शिष्टमंडळापेक्षा मला अधिक वाटते.

या तर्कास पुष्टी देणारी एक उत्तरकालीन नोंद 'लियांग शू' या ग्रंथात आहे. ता-छिनचे व्यापारी फुनान, रिनान व चियाव-ची येथे नेहमी येत असत, असे तो ग्रंथ सांगतो. इ.स. २२६ मध्ये छिन लुन नावाचा असाच एक व्यापारी चियाव-चीला उतरला. तेथील अधिकाऱ्याने त्यास वू राज्याच्या सुन छुआनकडे पाठविले. सुन छुआनने त्याच्या देशाविषयी व चालीरीतींविषयी विचारणा केली आणि छिन लुनने सविस्तर उत्तरे दिली. साठ वर्षांपूर्वी आलेल्या 'दूतां'ना असे काही विचारले गेल्याची नोंद नाही. त्यांनी आणलेल्या वस्तूंची यादी तेवढी आहे. सुन छुआनने छिन लुनसोबत भेट म्हणून ठेंगण्या देहाचे दहा पुरुष व दहा स्त्रिया आणि एक अधिकारी दिला. तो अधिकारी वाटेतच मरण पावला आणि छिन लुन थेट आपल्या देशी निघून गेला.